पूर आला, नकाशा चुकला, तर जबाबदार कोण? नाशिकच्या मुक्त-नकाशा स्वयंसेवकांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. पेठ तालुक्यातल्या शिक्षिका विचारतात, पंचवटीतल्या गणेश मंडळाचा कार्यकर्ता विचारतो, इंजिनिअरिंगची मुलं विचारतात. "आम्ही नकाशात रस्ता टाकला, कुणी त्यावरून गेलं आणि काही बरंवाईट झालं, तर आमच्यावर येईल का?" काही जण या धास्तीनेच काम सोडतात. सोडून जातात ते बहुतेक काळजीपूर्वक काम करणारेच असतात आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून ही उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी वकील नाही. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांचे नकाशे करतो, आणि इथे आलेली कलमं वकील मित्रांसोबत बसून वाचली आहेत. प्रत्यक्ष नोटीस हातात पडली तर हे पान बाजूला ठेवून वकील गाठा.

मुक्त नकाशा म्हणजे कोणता?

इथे तो ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, जगभरच्या लोकांनी हाताने भरलेला. कुणीही तो उतरवून घ्यावा, छापावा, आपल्या ॲपमध्ये बसवावा. ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप्स उघडली की जे रस्ते दिसतात ते इथलेच. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा घरबसल्या स्वयंसेवकांनी उपग्रह चित्रांवरून भरला आणि मदत पथकांनी तो वापरला. २०१५ चा नेपाळचा भूकंप, २०१८ चा केरळचा महापूर, तिथेही हेच घडलं. आणीबाणीत हा नकाशा उपयोगी पडतो यात शंका नाही. त्यातल्या चुकीची किंमत कोण मोजणार, एवढाच प्रश्न उरतो.

परवान्यात जबाबदारीबद्दल नेमकं काय लिहिलंय?

सप्टेंबर २०१२ पासून हा डेटा ओपन डेटाबेस परवान्याखाली मिळतो. लोक त्याला ओडीबीएल म्हणतात. त्यातली दोन कलमं आपल्या कामाची. सातवं कलम सांगतं की माहिती आहे तशी दिली आहे. ती अचूक आहे, पुरी आहे, अमुक कामाला योग्य आहे, अशी कसलीही हमी नाही. आठवं कलम सांगतं की या माहितीच्या वापराने कुणाचंही नुकसान झालं, तर देणारा जबाबदार नाही, आणि त्याची चूक असो वा नसो, हे लागू राहील.

लोक इथेच वाचायचं थांबवतात. पुढचं वाक्य मात्र तितकंच महत्त्वाचं आहे. कायद्याने जी जबाबदारी झटकताच येत नाही, ती झटकली असं परवाना म्हणत नाही. तशी जबाबदारी उरलीच, तर ती सिद्ध झालेल्या हलगर्जीपणामुळे झालेल्या प्रत्यक्ष आणि थेट आर्थिक नुकसानापुरती, असं त्यात लिहिलं आहे. भिंत आहे, पण तिला कायद्याने ठेवलेलं दारही आहे. खातं उघडताना तुम्ही ज्या योगदानाच्या अटी मान्य करता, त्यांतही साधारण असंच संरक्षण तुम्हाला दिलेलं असतं. त्या अटी आपण सगळेच न वाचता पुढे सरकवतो. एकदा वाचा.

म्हणजे मी टाकलेल्या रस्त्यामुळे कुणी अडचणीत आलं तर मला कोर्टात खेचतील का?

खेचायला कुणी कुणालाही खेचू शकतं. टिकेल का, हा खरा प्रश्न, आणि प्रामाणिकपणे केलेल्या नकाशाकामाबाबत ते टिकणं फार अवघड आहे.

दिवाणी दाव्यात समोरच्याला दाखवावं लागतं की तुम्ही त्याला काही देणं लागत होता, ते पाळलं नाही, आणि त्यामुळेच नुकसान झालं. सातपूरला बसून सुरगाण्याचा रस्ता रेखाटणाऱ्याचं आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी चालकाचं तसं नातं दाखवणं सोपं नाही. मधे ॲप आहे, चालकाचे स्वतःचे डोळे आहेत, रस्ता राखणारं खातं आहे, पाऊस आहे.

फौजदारी बाजूची धास्ती जास्त असते. हलगर्जीपणाने मृत्यूला कारण होणं हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पूर्वी दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. आकडा वाढला म्हणून घाबरणाऱ्यांनी १९६५ चा कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. मुंबईतल्या रंगाच्या कारखान्यात आग लागून कामगार गेले होते. न्यायालय म्हणालं की मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजी कृतीचा थेट परिणाम असला पाहिजे आणि ती कृतीच त्याचं जवळचं, परिणामकारक कारण असली पाहिजे. ३०४-अ खालची शिक्षा रद्द झाली. आगीबाबत निष्काळजी राहिल्याची वेगळ्या कलमाखालची शिक्षा मात्र कायम राहिली. ही दोन्ही टोकं लक्षात ठेवा. मृत्यूचा दोष सहज चिकटत नाही, म्हणून निष्काळजीपणा माफ होतो असंही नाही.

मग काळजी मिटली. परवाना आहे ना?

नाही. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथेच.

परवाना नकाशातल्या माहितीला झाकतो, तुमच्या तोंडच्या शब्दाला झाकत नाही. "सोमेश्वरकडचा रस्ता सुरू आहे, या" असं तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, तर ते ओपनस्ट्रीटमॅपचं वाक्य राहत नाही, ते तुमचं होतं. मदत पथकाला नकाशा देताना "आम्ही सगळे पूल तपासलेत" असं म्हणालात, तर हमी नसलेल्या माहितीला तुम्ही स्वतःच्या नावाने हमी चिकटवलीत. समोरचा माणूस परवान्यावर विसंबत नाही, तुमच्यावर विसंबतो. तुम्ही खरंच सगळे पूल पाहिले असतील, तर जरूर सांगा, आणि कोणत्या दिवशी पाहिले तेही सांगा. नसतील पाहिले, तर "उपग्रह चित्रावरून काढलंय, जागेवर पाहिलेलं नाही" हे वाक्य जोडायला एक श्वास लागतो.

जुन्या नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की तो नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून पाण्याची पातळी सांगतात तिच्याबद्दल विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" कुणी "छातीपर्यंत" म्हणालं, की दुसरा प्रश्न लगेच येतो, "तू कधी पाहिलंस?" नकाशाच्या बाबतीत तो दुसरा प्रश्न आपण विचारायला विसरतो.

व्हॉट्सॲपवर "अमुक पूल वाहून गेला" असं टाकलं आणि ते खोटं निघालं तर?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, कलम ५४. आपत्तीबद्दल किंवा तिच्या तीव्रतेबद्दल खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट निर्माण केली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पसरवणाराही त्यात येतो, हे विसरू नका. जुन्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. नकाशा करणाऱ्या माणसाने ते पुढे ढकलले की लोक जास्त विश्वास ठेवतात, म्हणून आपल्यावर जास्त बंधन आहे असं मी मानतो. कायदा तसा भेद करत नसला तरी.

जिल्हा प्रशासनासाठी काम केलं तर संरक्षण मिळतं का?

काही प्रमाणात, आणि ते कसं मिळतं ते समजून घ्या.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ७३ सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं. ते शासन, प्राधिकरणं, त्यांचे अधिकारी यांना तर आहेच, शिवाय त्यांच्या वतीने काम करणाऱ्या व्यक्तीलाही आहे. कलम ७४ मात्र फक्त अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी पदाच्या नात्याने दिलेल्या इशाऱ्यांना लागू आहे. स्वयंसेवकाने आपल्या मनाने दिलेला इशारा ७४ मध्ये बसत नाही.

म्हणून "त्यांच्या वतीने" हे शब्द कागदावर आणा. तहसीलदार कार्यालयातून किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून दोन ओळींचं पत्र घ्या. या संस्थेच्या किंवा या व्यक्तींच्या मदतीने अमुक तालुक्याचा नकाशा अद्ययावत करून घेत आहोत, एवढं पुरे. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, पण सहीसाठी थेट तिथेच जावं लागतं असं नाही. फोनवरच्या "करा, करा, चांगलं काम आहे" या वाक्याचा नंतर उपयोग होत नाही. ते वाक्य मनापासूनच म्हटलेलं असतं, पण बदली झाली की ते त्या अधिकाऱ्यासोबत जातं.

अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे म्हणतात. ते आपल्याला लागू नाही का?

नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी आहे. तुम्ही द्वारका चौकात जखमीला उचललंत, तर ते तुमच्या पाठीशी आहे. घरी बसून नकाशा भरलात, तर नाही.

ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते का?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधल्या 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून फुकट दिलेली सेवा वगळली आहे. स्वयंसेवक म्हणून दिलेला नकाशा त्यात येत नाही. पण तोच नकाशा तुम्ही ट्रेकिंग कंपनीला किंवा सोसायट्यांना पैसे घेऊन विकलात, तर मुक्त डेटा वापरला हे उत्तर पुरणार नाही. पैसे घेतले तिथे तुमचा स्वतःचा करार उभा राहतो, आणि त्यात जबाबदारीची मर्यादा तुम्हालाच लिहावी लागते.

नकाशा पाहून गेले आणि जीव गेला, अशा बातम्या येतात. तेव्हा कुणावर गुन्हा दाखल होतो?

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. दाखल झालेल्या गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते होते आणि गूगल मॅप्सच्या एका अधिकाऱ्याचा, नाव न घेता, उल्लेख होता. म्हणजे पोलिसांची पहिली नजर पूल उघडा ठेवणाऱ्यावर गेली, आणि नकाशा देणाऱ्यावरही गेलीच. गुन्हा दाखल होणं आणि दोष सिद्ध होणं यांत मोठं अंतर आहे, पण नकाशावाल्यांकडे कुणी पाहतच नाही हा समज त्या दिवशी मोडला.

त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या पुलाच्या रस्त्याने रात्री मोटार सरळ पाण्यात गेली आणि चालक बुडाला. वर्षातले काही महिने तो पूल पाण्याखाली असतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नकाशाला नव्हतं. मला ही घटना बरेलीपेक्षा जास्त छळते. पाणी दरवर्षी यायचं, अचानक काहीच झालं नव्हतं. गावाला ठाऊक असलेली गोष्ट लिहून ठेवायची राहिली होती, एवढंच.

फरशी पूल नकाशात कसा दाखवायचा?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण जबाबदारीचा अर्धा भाग इथेच सुटतो.

उपग्रह चित्रं बहुतेक कोरड्या दिवसांतली असतात, कारण पावसाळ्यात ढग. उन्हाळ्याच्या चित्रात फरशी आणि पूल सारखेच दिसतात. मीही फसलो आहे. पेठच्या बाजूला एका ओहोळावर मी चित्र पाहून 'पूल' टाकला होता. पावसाळ्यात एका बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप त्या वाटेने आली, पाणी पाहून थांबली आणि लांबच्या वाटेने गेली. आई आणि बाळ सुखरूप पोचले. नंतर त्या पाड्यावर गेलो तेव्हा आशाताई, म्हणजे तिथल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, म्हणाल्या, "दादा, त्याला आम्ही पूल म्हणतच नाही. ती फरशी आहे. श्रावणात दिसत पण नाही." कोणत्याही कायद्याने मला त्या दिवसाबद्दल जबाबदार धरलं नसतं. मी धरतो. त्यानंतर त्या पट्ट्यातली प्रत्येक ओलांडणी मी कुणाला तरी फोन करून विचारतो.

आता कामाचं. रस्ता थेट पाण्यातून जात असेल, तर त्या जागी 'फोर्ड' हा टॅग (टॅग म्हणजे नकाशातल्या गोष्टीला जोडायची माहितीची चिठ्ठी). फरशी पुलाला 'ब्रिज' या टॅगचं 'लो वॉटर क्रॉसिंग' हे मूल्य. आणि पावसात बुडणाऱ्या तुकड्याला 'फ्लड प्रोन' म्हणजे 'पूरप्रवण' हा टॅग. मग 'सोर्स' मध्ये लिहा: चित्रावरून, की जागेवर पाहून, की गावातल्या माणसाला विचारून. 'चेक डेट' मध्ये तारीख. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास कायम राहतो, कुणी, कधी, कोणत्या शेऱ्यासह, सगळं. चेंजसेटच्या, म्हणजे एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या, शेऱ्यात "रस्ता दुरुस्त" एवढंच लिहू नका. "पोलीस पाटलांशी बोलून फरशी नोंदवली, जुलैत पाण्याखाली असते" असं लिहा. उद्या कुणी विचारलं की तुम्ही काळजी घेतली होती का, तर पुरावा तुमच्या नावाने, तारखेसह, जगासमोर आहे. सद्भावना मनात असून भागत नाही, ती दिसावी लागते.

आत्ता पूर आलाय. होळकर पूल बंद केलाय. मी नकाशात तो बंद दाखवू का?

नको. दोन कारणं आहेत.

एक, ऑफलाइन ॲप्समध्ये नकाशा बहुधा महिन्यातून एकदा ताजा होतो, आणि लोक तो कित्येक महिने बदलत नाहीत. तुम्ही आज बंद दाखवलात, परवा पाणी ओसरल्यावर पुन्हा सुरू केलात, तरी ज्याने मधल्या दिवसांतला नकाशा उतरवून घेतला, त्याच्याकडे दिवाळीपर्यंत पूल बंदच राहील, आणि रुग्णवाहिका वळसा घालत राहील. म्हणूनच तात्पुरत्या गोष्टी मूळ नकाशात टाकू नयेत असा ओपनस्ट्रीटमॅपचा संकेत आहे. पूल खरोखर वाहून गेला असेल तर गोष्ट वेगळी. तो काढलाच पाहिजे.

दोन, रस्ता बंद करायचा की सुरू ठेवायचा हा निर्णय कायद्याने प्रशासनाचा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ खाली बाधित भागातली वाहतूक रोखायचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे. आपण पोलिसांनी सांगितलेलं दाखवू शकतो, आपण स्वतः ठरवू शकत नाही. दाखवायचं तर वेगळ्या थरावर दाखवा. यूमॅपसारख्या साधनात स्वतंत्र थर करून, प्रत्येक खुणेला तास आणि मिनिट लिहून. "होळकर पूल बंद, पोलिसांची सूचना, सकाळी ९.४०". आणि तो थर पूर ओसरल्यावर पुसायचं काम कुणाचं, हे आधी ठरवा. न पुसलेला थर खोट्या इशाऱ्याइतकाच घातक.

नावाचं एक भान ठेवा. होळकर पुलाला अजूनही बरेच जण व्हिक्टोरिया पूल म्हणतात. बाहेरून आलेल्या एनडीआरएफच्या जवानाला दोन पूल वाटतील. पर्यायी नावाच्या टॅगमध्ये दुसरं नाव टाकून ठेवा. हे काम उन्हाळ्यात करायचं.

पूररेषा नकाशात काढू का?

निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या जलसंपदा विभाग ठरवतो आणि बांधकाम परवानग्या त्यांवर अडतात. त्या अंदाजाने काढू नका. १९६९ च्या किंवा २००८ च्या पुरात पाणी कुठवर आलं हे सराफ बाजारातल्या दुकानदारांना विचारून वेगळ्या थरावर नोंदवा, ती नोंद मौल्यवान आहे. पण तिला 'पूररेषा' हे नाव देऊ नका. तो शब्द कायद्याचा आहे, आणि कुणी त्यावर विसंबून प्लॉट घेतला तर भांडण तुमच्या दारात येईल.

एकाच नावाची गावं असतात. चुकीच्या गावाला मदत गेली तर?

नाशिकमध्ये पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे, आणि निफाडला पिंपळगाव बसवंत. फोनवरचा माणूस घाबरलेला असतो, तो नुसतं "पिंपळगाव" म्हणतो. नकाशात शोध दिला की जे पहिलं येतं त्यावर बोट पडतं. यात नकाशाची चूक थोडी आणि पद्धतीची जास्त. फोन घेणाऱ्याने तालुका आणि जवळची खूण विचारलीच पाहिजे. आपण करायचं ते एवढंच, की गावाचं पूर्ण नाव, मराठीत आणि इंग्रजीत, नकाशात असलं पाहिजे. आदिवासी पट्ट्यात पाड्यांची नावं तर आणखी सारखी. तिथे शाळा, अंगणवाडी, मोठा वड, पाण्याची टाकी अशा खुणा टाका. रुग्णवाहिकेचा चालक खुणेनेच जातो.

आम्ही कंट्रोल रूममध्ये किंवा रुग्णवाहिका सेवेत हा नकाशा बसवतोय. परवाना आड येतो का?

येत नाही. उलट काही व्यावसायिक नकाशा सेवांच्या अटींमध्ये जिवावर बेतू शकेल अशा कामांवर, आपत्कालीन सेवांवर बंधन असतं. गूगल मॅप्सच्या प्लॅटफॉर्मच्या अटींमध्ये ते स्पष्ट आहे. ज्यांनी आपल्या मदत ॲपमध्ये तो नकाशा बसवलाय त्यांनी त्या अटी काढून वाचाव्यात. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर तसं बंधन नाही.

पण डेटा आणि सर्व्हर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावरून येणारी नकाशाची तयार चित्रं देणगीवर चालणाऱ्या सर्व्हरवरून येतात. तो चालू राहील याची हमी नाही, आणि जास्त वापर झाला तर ते तुम्हाला रोखू शकतात. महत्त्वाच्या कामासाठी नाशिक विभागाचा डेटा उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा, आणि मोबाइल टॉवर बंद पडेल असं धरूनच चाला. ठेवलेल्या डेटाची तारीख पडद्यावर कायम दिसू द्या. आणि तुम्ही तुमच्या संस्थेची माहिती त्यात मिसळून पुढे प्रसिद्ध करणार असाल, तर ती मिसळलेली माहितीही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. घरातल्या घरात वापरलीत, तर नाही.

सिंहस्थात वेगळं काही आहे का?

आहे. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांच्यासमोर "नकाशात गल्ली दिसतेय ना" असं म्हणवत नाही. गल्ली आहे, पण ती किती फूट रुंद आहे, पुढे पायऱ्या आहेत का, दोन्ही बाजूंनी गर्दी आली तर माणूस कुठे बाजूला होणार, हे नकाशात नसतं. या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, भर पावसाळ्यात.

आमचा आग्रह असा, की आतापासून जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या गल्ल्यांची रुंदी टेप लावून मोजा, पायऱ्या मोजा, कायम बंद असणारे लोखंडी दरवाजे नोंदवा. मोजलेल्या गोष्टीला उत्तर देणं सोपं असतं. पोलिसांचे एकेरी मार्ग, तात्पुरते पूल, वाहनतळ हे मात्र मूळ नकाशात टाकू नका. ते तासातासाला बदलतात, आणि गर्दीला कोणीकडे वळवायचं हे सांगणारं ॲप आपल्या मनाने काढणं म्हणजे आपल्याला न पेलणारी जबाबदारी घेणं. तसं ॲप करायचंच असेल तर पोलिसांबरोबर, पत्र घेऊन.

देवळालीची लष्करी छावणी, एकलहरेचं वीज केंद्र, नोटांचा छापखाना यांचं काय?

बाहेरचे सार्वजनिक रस्ते आणि थांबे टाका. लष्करी हद्दीतल्या आणि सुरक्षा ठिकाणांच्या आतल्या गोष्टी टाकू नका. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी नकाशाकामाला बरीच मोकळीक दिली, पण संवेदनशील ठिकाणांची बंधनं तशीच आहेत, आणि इथे "पूर आला होता" हे कारण चालणार नाही.

अंथरुणाला खिळलेले रुग्ण कोणत्या घरात आहेत हे नकाशात टाकलं तर सुटकेला मदत होईल ना?

हेतू चांगला आहे, जागा चुकीची आहे. मुक्त नकाशा सगळ्या जगाला दिसतो आणि पुसलेली नोंदही इतिहासात राहते. आजारी, एकटं, म्हातारं माणूस कुठे राहतं हे चोरालाही कळेल. ही यादी कागदावर, पोलीस पाटील आणि आशाताईंकडे.

छापील नकाशावर काय लिहायचं?

आम्ही हे लिहितो. हवं तर उचला.

"माहिती ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांची, ओपन डेटाबेस परवान्याखाली, (तारीख) रोजी उतरवलेली. जाड रेषेचे रस्ते (तारीख) रोजी जागेवर पाहिले आहेत, बारीक रेषेचे उपग्रह चित्रावरून काढले आहेत. पावसात फरशी आणि साकव पाण्याखाली जातात, निघण्याआधी गावात फोन करा. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७."

हा मजकूर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापू नका. मला काही जण सांगतात की इतकं लिहिलं तर लोकांचा नकाशावरचा विश्वास कमी होईल. माझा अनुभव उलटा आहे. जाड आणि बारीक रेषेतला फरक कळला की चालक बारीक रेषेच्या तोंडाशी थांबून कुणाला तरी विचारतो.

माझी चूक झाली आणि नकाशा वाटून झालाय. आता?

आधी मूळ नकाशात दुरुस्ती करा, शेऱ्यात चूक काय होती ते लिहून. मग ज्यांना प्रत दिली त्यांना फोन करा, मेसेज नको, फोन. म्हणून प्रती कुणाला दिल्या याची वही ठेवा: नाव, तारीख, कोणती आवृत्ती. छापील प्रत असेल तर त्या जागी लाल पेनाने फुली मारून सही करायला सांगा. नवी प्रत मिळेपर्यंत तीच चालते. जुनी प्रत परत मागून घ्या आणि फाडून टाका, नाहीतर ती पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डवर सापडते.